मस्तानीचा बळी कोणी घेतला?

युद्धाच्या धामधुमीत फुलणारी प्रेमकथा मराठी वाचकाला फार आवडते. ना. सं. इनामदार यांची बाजीराव-मस्तानीवरील ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली. तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट २०१५ साली देशभर गाजला. वाचक हळहळले, प्रेक्षक रडले. त्या अश्रूंबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या प्रेमाचा बळी कोणी घेतला? नियतीने, की धर्माच्या नावाने उभ्या केलेल्या भिंतीने?

इतिहास काय सांगतो? १७२९ साली महंमदखान बंगशाच्या कोंडीतून बाजीरावाने बुंदेलखंडच्या छत्रसालाला सोडविले. मस्तानी ही छत्रसालाची मुस्लिम स्त्रीपासून झालेली कन्या मानली जाते. युद्धातून जुळलेले हे नाते पुण्यात आले आणि सोवळ्याच्या उंबरठ्यावर अडले. तिच्या मुलाची मुंज पुण्याच्या ब्रह्मवृंदाने होऊ दिली नाही. १७३७ साली दिल्लीला धडक देणारा पेशवा स्वतःच्या मुलाच्या गळ्यात जानवे घालू शकला नाही! बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनीच मस्तानीला कैदेत टाकले. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारला, पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे. मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमी होऊन मेला. त्याचे रक्त चालले, त्याची मुंज चालली नाही.

आम्हांला हा न्याय नवा नाही. महार शिपायाचेही रक्त चालत होते, सावली चालत नव्हती.

मग आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या काय करतात? या व्यवस्थेला घरगुती कलहाचे रूप देतात. सासूचा राग, सवतीचे दुःख, नशिबाचा खेळ! चित्रपटाने तर काशीबाई आणि मस्तानीला एकत्र नाचविले. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. भिंत जिथल्या तिथे राहते. प्रेमाला दैवी ठरविले की अपराध्याचे नाव घ्यावे लागत नाही, हीच खरी मेख आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके त्या अपराध्याचे नाव घेतले. आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय आहे आणि त्याच्या आड शास्त्रांचे पावित्र्य येते, असे त्यांनी स्पष्ट मांडले.

ही भिंत आजही उभी आहे. २०१४ साली खर्ड्याला प्रेमाच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याला ठार मारण्यात आले. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. ओरड होताच आंतरजातीय हा शब्द गाळला, आंतरधर्मीय मात्र ठेवला. म्हणजे मस्तानीवर पुन्हा पहारा बसलाच!

आमच्या लेखकांनी ही भिंत दाखविणाऱ्या कादंबऱ्या लिहाव्यात. वाचकांकडून अपेक्षा याहून साधी आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायला तीन साक्षीदार लागतात. मस्तानीसाठी रडणाऱ्यांपैकी तीन जण तरी सही करायला पुढे येतील काय?