रेस सुरळीत झाली, म्हणून पेटी चुकला?

समजा, उद्या मोठी रेस आहे. प्रॅक्टिसमध्ये जेमतेम काही लॅप झाल्यात आणि तुमच्या गाडीच्या टायरचं रबर फाटून लोंबतंय. स्पीड ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास. तिकिटं विकली गेलीयेत. आयोजक म्हणतो, टायर टिकतील एवढ्याच स्पीडने चालवा ना! काय कराल?

१३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत, अलाबामातल्या टॅलाडेगाच्या कोऱ्या ट्रॅकवर हाच प्रश्न रिचर्ड पेटीसमोर होता. पेटी म्हणजे स्टॉक कार रेसिंगचा सुपरस्टार. (स्टॉक कार म्हणजे दिसायला शोरूममधली, आतून पक्की रेसची.) ट्रॅक २.६६ मैलांचा आणि वळणं ३३ अंशांनी तिरकी. अशा वळणावर गाडी जोरात खाली दाबली जाते, टायर तापतात आणि त्यांचे तुकडे पडायला लागतात. फायरस्टोनने तर माघारच घेतली.

ट्रॅक बांधला होता बिल फ्रान्सने. नॅसकारही त्याचीच. म्हणजे नियम त्याचे, मैदान त्याचं आणि गल्लाही त्याचाच! अशा माणसाने 'ट्रॅक सेफ आहे' म्हटल्यावर विश्वास किती ठेवायचा? फ्रान्स भित्रा नव्हता, हे मान्य. ५९ वर्षांचा हा गडी स्वतः गाडीत बसला आणि ताशी १७५ मैलांच्या आसपास फिरून आला. पण ड्रायव्हर्स २०० च्या जवळ जात होते. वेग थोडा वाढला तरी टायरवरचा ताण त्याच्या कितीतरी जास्त वाढतो. त्यामुळे फ्रान्सच्या त्या चकरेने त्याची हिंमत तेवढी सिद्ध झाली, टायरचं काय?

पेटी ड्रायव्हर्सच्या नव्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याने गाडी ट्रकवर चढवली आणि निघाला. त्याच्यामागे तीसहून जास्त ड्रायव्हर्स गेले.

दुसऱ्या दिवशी रेस झालीच. छोट्या गाड्यांच्या रेसमधले ड्रायव्हर्स आणून फ्रान्सने रांग भरली. टायर बघता यावेत म्हणून मधेमधे गाड्या हळू करायला लावल्या. मोठा अपघात झाला नाही. मग 'बघा, उगाच घाबरले' म्हणणारे निघणारच. पण यार, टायर जपत चालवलेल्या रेसमध्ये टायर टिकले, यात पेटी खोटा कसा पडतो? तो तर हेच सांगत होता की पूर्ण स्पीडला ते टिकत नाहीत. आणि प्रेक्षकांना याच तिकिटावर पुढची एखादी रेस बघायची सवलत फ्रान्सने दिली. जाहिरातीतलीच रेस दाखवली असती, तर ही मेहरबानी कशाला?

जिंकला रिचर्ड ब्रिकहाऊस. तो त्याच संघटनेत होता, ऐनवेळी बाहेर पडला. त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे, मला ते पटत नाही. पेटीच्या नावावर तोवर ढीगभर विजय होते; एक रेस सोडून त्याचं करिअर संपणार नव्हतं. ब्रिकहाऊसला एवढी भारी गाडी पुन्हा कधी मिळणार होती? नॅसकारच्या टॉप सिरीजमधला त्याचा तो एकमेव विजय ठरला. त्याच्या जागी मी असते तर निघून गेले असते, असं छातीठोकपणे नाही सांगू शकत.

पेटी मात्र टॅलाडेगावर कायमचा रुसून बसला नाही. १९७० मध्ये, टायर सुधारल्यावर, तिथल्या दोन्ही मोठ्या रेस पीट हॅमिल्टनने जिंकल्या. गाडी पेटीच्याच टीमची होती.