चिखलातला नंबर कोणी वाचायचा?

शर्यतीत शेवटून तिसऱ्या आलेल्या माणसाचा निकाल पहिल्या आलेल्याइतकाच बरोबर लागला पाहिजे. या वाक्याला कुणी विरोध करणार नाही. पण गेले दोन हिवाळे मी इंग्लंडमध्ये शिकतेय आणि रविवारी इथल्या हौशी सायक्लोक्रॉस शर्यतींत टेबलावर बसून नंबर टिपते. तिथे हे वाक्य पाळणं किती जड जातं ते दर वेळी दिसतं. संपादक मंडळाने माझ्याकडे कविता मागितली होती. कविता काही झाली नाही, तेव्हा हे वाचा.

सायक्लोक्रॉस म्हणजे थंडीच्या दिवसांत शेतांतून, बागांतून, ओल्या उतारांवरून मुद्दाम घेतलेली सायकल शर्यत. खेळ मूळचा फ्रान्सचा. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली आणि जाँ रोबिक जिंकला. हाच माणूस १९४७ ची तूर द फ्रान्सही जिंकला होता. आज या खेळाचं खरं वेड बघायचं तर बेल्जियमला जावं लागतं. मोठ्या स्पर्धांत एक फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची असते. वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या फळ्या आडव्या लावलेल्या असतात, तिथे बहुतेक जण उतरून सायकल उचलून उडी मारतात. चढावर चिखल फार झाला की सायकल खांद्यावर घेऊन पळत सुटायचं. आपल्या माशेलचा चिखल कालो डोळ्यांसमोर आणा आणि त्यात पाच अंश थंडी घाला. फरक एवढाच की चिखल कालोत कोण कुठला ते ओळखू येत नाही यातच मजा असते, आणि इथे नेमकं तेच ओळखायचं असतं.

आता हिशोब पाहा. शर्यत अंतरावर नसते, वेळेवर असते. समजा ४० मिनिटांची शर्यत आहे आणि ६० जण धावताहेत. पुढचा सात फेऱ्या मारतो, मागचा पाच. सरासरी सहा धरल्या तरी टेबलासमोरून ३६० वेळा कुणीतरी जातं, म्हणजे दर सात सेकंदांना एक. ते काही सात-सात सेकंदांचं अंतर ठेवून येत नाहीत. आठ जण एकदम येतात आणि मग अर्धा मिनिट कुणीच नाही. पहिला संपला की बाकी सगळ्यांचीही शर्यत त्यांच्या पुढच्या रेषेवर संपते. त्यामुळे पहिल्याच्या मागोमाग दिमाखात रेषा ओलांडणारा प्रत्यक्षात दोन फेऱ्या मागे, अठ्ठावन्नावा असू शकतो. निकाल आधी फेऱ्यांवर लागतो, मग क्रमावर. एकाची एक फेरी टिपायची राहिली तर तो एका नंबराने घसरत नाही, सहा फेऱ्या केलेल्या सगळ्यांच्या खाली जातो.

यावर इथे दोन मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलं मत असं, की ज्याचा नंबर वाचता येत नाही त्याची चूक, त्याला निकालात धरू नका. म्हणे आपला नंबर दाखवणं ही स्वाराची जबाबदारी. नंबर दुमडून लावला, जाकिटाखाली दडवला किंवा एकाच पिनेवर लोंबकळत ठेवला, तर ती स्वाराचीच चूक, मान्य. पण या सायकलींना मडगार्ड नसतं. मागचं चाक सगळा चिखल पाठीवर फेकतं आणि पाठीवरचा नंबर दुसऱ्या फेरीला गायब होतो. सायकल उजव्या खांद्यावर घेतात, कारण साखळी उजवीकडे असते आणि उतरायचं डावीकडून, त्यामुळे उजव्या बाजूचा नंबर घासून जातो. उरते डावी बाजू. म्हणजे मोठ्या शर्यतींसारखे दंडावरही छोटे नंबर द्यायचे आणि टेबल स्वारांच्या डाव्या हाताला, डांबरी किंवा कडक जमिनीवर मांडायचं. हे काम आयोजकांचं आहे. टेबल चहाच्या गाडीजवळ उजव्या बाजूला मांडायचं आणि मग नंबर दिसत नाही म्हणून एखाद्याला बाद करायचं, हा अन्याय आहे. नंबरही टायव्हेकचे असावेत. ते प्लॅस्टिकच्या तंतूंचं असतं, भिजून फाटत नाही. साधा कागद पावसात पंधरा मिनिटंही टिकत नाही हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं मत असं, की पायाला चिप बांधा आणि वाद मिटवा. चिप चांगलीच आहे. ती घोट्याला बांधतात, कारण या खेळात मध्येच सायकल बदलता येते. सायकलला लावली तर चिप धुलाईच्या फवाऱ्याखाली आणि माणूस भलतीकडे. पण स्वस्तातली, नंबराच्या मागे चिकटवलेली चिप ओल्या कपड्याला आणि अंगाला घट्ट बसली की अँटेनाला दिसत नाही. पाणी त्या लहरी गिळून टाकतं, आणि माणसाच्या अंगात पाण्याशिवाय दुसरं आहे तरी काय! भाऊ-बहिणींच्या चिपांची अदलाबदल झाली तर यंत्राला पत्ताही लागत नाही. १९८० च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझला विजेती म्हणून मुकुट घातला गेला आणि आठ दिवसांनी काढून घेतला. वाटेत उभं राहून धावणाऱ्या बायकांची नोंद करणाऱ्या माणसांना ती कुठेच दिसली नव्हती. खरी विजेती जॅकलिन गॅरो होती. चिप नव्हती, डोळे होते.

म्हणून माझं मत असं: आधी कागद, मग चिप. आमच्या टेबलावरची रीत साधी आहे. एक जण फक्त बघतो आणि मोठ्याने नंबर सांगतो, दुसरा मान वर न करता लिहितो. दुसरी जोडी पंचवीस पावलं पुढे बसून स्वतंत्र कागद करते, आणि मध्ये फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड होत राहतो. टेबलावरचे आजोबा नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात: "दिसला नाही तर प्रश्नचिन्ह आणि वेळ लिही. अंदाज लिहू नकोस." अंदाज खऱ्यासारखाच दिसतो, ही त्यातली गोम. प्रश्नचिन्ह मागून सोडवता येतं. एखाद्याच्या फेऱ्या सात मिनिटं, सात-पाच, मग एकदम चौदा-वीस, पुन्हा सात-दहा अशा दिसल्या तर मधली एक टिपायची राहिली हे उघड आहे. पंक्चर झालं असतं तर वेळ इतका बरोबर दुप्पट झाला नसता. तरीही पुढच्या जोडीचा कागद बघितल्याशिवाय फेरी द्यायची नाही.

प्रश्नचिन्हापुढे वर्णन लिहितात: निळं हेल्मेट, लाल मोजे, पांढरा फाटा. अंगाचं किंवा चेहऱ्याचं वर्णन लिहू नये असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं. "जाडी बाई" हा शब्द निकालाच्या कागदावर कशाला? शिवाय तिसऱ्या फेरीपर्यंत सगळेच माझ्या रंगाचे झालेले असतात.

खरा भेदभाव वेगळ्याच ठिकाणी होतो, आणि कुणी मुद्दाम करत नाही. पुढच्या दहा जणांना टेबलावरचे सगळे ओळखतात. त्यांचा नंबर दिसला नाही तरी बसण्याच्या ढबीवरून नाव लिहिलं जातं. नवखा आणि मागे पडलेला, त्याला कोण ओळखणार? चिखल सगळ्यांवर सारखा पडतो, फेऱ्या मात्र अनोळखी माणसाच्याच गळतात. गेल्या डिसेंबरात तेरा वर्षांच्या एका मुलीची एक फेरी अशीच गेली. निकाल लागला तेव्हा ती गाडीत बसून कपडे बदलत होती. हरकत घ्यायला पंधरा मिनिटं असतात, ती संपली. पुढच्या रविवारी कुणी कुठल्या रांगेतून सुटायचं ते आधीच्या निकालावर ठरतं. ती शेवटच्या रांगेत उभी राहिली, पहिल्या वळणावर चाळीस जणांच्या मागे अडकली, आणि कागदावर "हिला जमत नाही" हेच पुन्हा सिद्ध झालं. दुसऱ्या जोडीचा कागद त्या दिवशी कुणी उघडलाच नव्हता. तिच्या आईने तो मागून घेतला तेव्हा फेरी सापडली, पण रांग काही परत मिळाली नाही.

तेव्हा हरकतीची मुदत निकाल लावल्यापासून नव्हे, तर निकाल सगळ्यांच्या फोनवर गेल्यापासून मोजावी, आणि दोन कागद जुळवल्याशिवाय निकाल लावूच नये, असं मी आमच्या बैठकीत मांडलंय. विरोध आहे. लोकांना लवकर घरी जायचं असतं, बाहेर चारलाच अंधार पडतो. मागे पडलेल्यांना मध्येच थांबवा, मोजणी सोपी होईल, असंही एकाने सुचवलं. मोठ्या स्पर्धांत तसं करतात. पण हौशी शर्यतीत सगळ्यांनी सारखीच फी भरलेली असते, आणि आपल्या सोयीसाठी त्यांची शर्यत कापायची हे मला मंजूर नाही.

आपल्या कॉलेजची क्रॉसकंट्री ऐन पावसात होते आणि छातीवरचे नंबर स्केचपेनने कागदावर लिहिलेले असतात. क्रीडा विभागाला दोन जोड्यांची ही रीत वापरून बघायची असेल, तर आमचा रकाने आखलेला कागद मी मराठीत करून ठेवलाय. चार माणसं, दोन पेन्सिली (पेन नको, पावसात शाई पसरते) आणि कागद झाकायला प्लॅस्टिकची पिशवी एवढंच लागतं. संपादकांकडे मागा, पाठवते.