प्रकल्पाची वही घेऊन फडावर
संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवर हल्ली शाळा-कॉलेजांत प्रकल्प करायला देतात. मुलं नेटवरची पानं उतरवतात, स्पायरल बाइंडिंग करतात, गुणही मिळतात. याचं फार वाईट वाटतं. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडांमागे वर्गातले बाक ओस पडतात, स्थलांतरावरचा प्रकल्प तिथूनच सुरू व्हावा. मुकादमाकडून उचल किती घेतली, कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, टनामागे काय मिळालं, फडावर थोरली मुलगी शाळेत गेली की धाकट्याला सांभाळत बसली, हे मुलांनी स्वतः विचारावं. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायला सांगते, ते मला मनापासून पटतं. फक्त विचारण्याआधी परवानगी घ्यावी, आणि वहीत कुणाचं नाव लिहू नये.