पेसमेकर असला तरी उपचार शक्य

हृदयासाठी पेसमेकर बसवलेला असेल तर क्ष-किरणांशिवाय कॅथेटर ॲब्लेशन, म्हणजे नळीतून ऊर्जा देऊन अनियमित धडधडीचा उगम निकामी करणे, करताच येत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. जांघेच्या शिरेतून आत गेलेल्या कॅथेटरची जागा चुंबकीय क्षेत्राच्या आधारे संगणकावर त्रिमितीत दिसते. हृदयातच नेलेला सोनोग्राफीचा बारीक प्रोब पेसमेकरची लीड, म्हणजे हृदयात गेलेली तार, ठळक पांढऱ्या रेघेसारखी दाखवतो, आणि कॅथेटर त्या रेघेपासून दूर ठेवता येतो. खरा धोका नव्या लीडचा. पहिले काही महिने ती पक्की रुजलेली नसते, ओढली गेली तर सरकते. तेव्हा क्ष-किरण यंत्र हाताशी हवेच. गरज पडल्यास ते वापरण्यात कमीपणा कसला? ॲब्लेशनची ऊर्जा पेसमेकरला चकवू शकते, म्हणून आधी त्याचे प्रोग्रॅमिंग बदलतात आणि शेवटी पुन्हा तपासतात.

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या रुग्णाला यासाठी बहुधा नागपूरच गाठावे लागते. गडचिरोली शहरापासूनच ते सुमारे 170 किलोमीटर. धडधड चालू असतानाचा ईसीजी जवळच्या रुग्णालयात काढून घेतलेला असला, तर हेलपाटा वाचू शकतो. कंपनी, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असलेले पेसमेकरचे कार्ड निघतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाशेजारी ठेवलेले असावे.