तुर्कस्तानचा निधर्मीपणा

तुर्कस्तानात १९२४ साली खिलाफत बरखास्त झाली, १९२६ साली शरियतीच्या जागी स्विस धर्तीचा दिवाणी कायदा आला, बहुपत्नीत्व बंद झाले. एवढ्यावरून धर्म व राज्य यांची तेथे फारकत झाली, असे आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. ते खरे नव्हे. खिलाफत गेली त्याच दिवशी ‘दियानेत’ हे धर्मखाते स्थापन झाले. इमाम सरकारी पगारदार, शुक्रवारचे प्रवचनही सरकारी नजरेखालचे. धर्म राज्याबाहेर गेला नाही, राज्याच्या कचेरीत येऊन बसला. आणि कचेरीचा धनी बदलला की हुकूमही बदलतात. लष्कराच्या छायेत झालेल्या १९८२ च्या घटनेने शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे केले. २०१७ मध्ये मुफ्तींना नागरी विवाह लावण्याचा अधिकार मिळाला. दिवाणी कायदा (२००२ पासून नव्या रूपात) मात्र निधर्मीच राहिला.

खरी झळ अलेवींना बसते. धर्मखाते सुन्नी परंपरेचे. कर अलेवीही भरतात, पण त्यांच्या ‘जेमेवी’ला मशिदीचा दर्जा नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१६ साली हा भेदभाव ठरविला. २०२२ मध्ये अंकाराने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढला खरा, पण तो संस्कृती व पर्यटन मंत्रालयात.