बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत?

‘स्टार्टअपमध्ये कशाला? मोठ्या कंपनीत चिकटलं की चिंता मिटली.’ घराघरांतून दिला जाणारा हा सल्ला आता टिकत नाही. 2025 च्या जुलैत टीसीएसनेच सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. मात्र इन्फोसिसही 1981 साली पुण्यात सात जणांनीच सुरू केली होती, हा नेहमीचा दाखला मी देणार नाही. तशाच निघून बुडालेल्या कंपन्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

लहान कंपनीचं खरं देणं वेगळं आहे. ओळखीतली एक मुलगी बाणेरला दहा-बारा जणांच्या कंपनीत दुकानांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. शनिवारी संध्याकाळी एका हार्डवेअरवाल्याचा फोन आला, बिलाची बेरीज रुपयाने चुकते म्हणून. प्रत्येक वस्तूवर पैसे पूर्ण रुपयात धरले जात होते, ते शेवटच्या बेरजेवर धरायला हवे होते. कोड तिचा, फोनही तिनेच घेतलेला. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतानाच तिने दुरुस्ती केली. मोठ्या कंपनीत ही तक्रार चार जणांच्या हातून फिरत तिच्याकडे आली असती, आणि दुकानदाराची घालमेल तिला कधी कळलीच नसती. आपल्या कामाचं कुणाला काय होतं, हे पहिल्याच वर्षी कळणं मला फार मोलाचं वाटतं.

पण म्हणून ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे ऐकून पगारात तडजोड करायची? मुळीच नाही. वीसपेक्षा कमी माणसं असली तर पीएफचा कायदा सहसा लागूच होत नाही. नेहमीच्या नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. तेवढी वर्षं कंपनी टिकेल का, हाच प्रश्न. पगाराऐवजी देऊ केलेल्या ईसॉप्सचंही, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याच्या हक्काचंही, तसंच. किमान वर्षभर ते हाती येत नाहीत. पुढे शेअर घेतले, की बाजारभाव आणि आपण मोजलेली किंमत यांतला फरक पगारात धरून त्यावर सहसा लगेच कर लागतो. कंपनी शेअर बाजारात नसेल तर विकायचे कुणाला?

म्हणून रुजू होण्याआधी थेट विचारावं : बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत? काहींना हा उद्धटपणा वाटतो. मला वाटत नाही. मालक रात्री नऊला हक्काने फोन करणार असेल, तर हा हिशेब मागण्याचा हक्क आपलाही आहे. मोठ्या कंपनीत हे विचारायला माणूस सापडत नाही. इथे तो समोरच बसलेला असतो. त्याने आकडा सांगितला तर पगाराचं बोलावं, टाळाटाळ केली तर उठावं.