वाद कबुतरखान्याचा, व्रण फुप्फुसाचा

ऑगस्ट २०२५मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि मुंबईत श्रद्धा विरुद्ध आरोग्य असा वाद पेटला. आंदोलने झाली, न्यायालयात युक्तिवाद झाले. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसात नेमके काय करते, हा प्रश्न मात्र गदारोळात मागे पडला.

फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या अतिशय पातळ अस्तरातून प्राणवायू रक्तात जातो. या अस्तराला इजा झाली, की ‘टाइप-२’ पेशी नव्या पेशी तयार करून ते सांधतात. तोवर फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेनचे धागे विणून आधार देतात. इमारतीची दुरुस्ती संपली की परांची उतरवतात, तसे हे धागेही नंतर विरघळतात.

कबुतरांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाला आजार होत नाही. काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्यांच्या प्रथिनांवर तुटून पडते आणि फुप्फुसाला सूज येते. खिडकीत किंवा एसीमागे घरटे असेल, तर ही इजा रोजचीच. टाइप-२ पेशी थकतात, दुरुस्तीचा संदेश देणारे ‘टीजीएफ-बीटा’ थांबत नाही, कोलॅजेन साचत जाते. कडक झालेली भिंत फायब्रोब्लास्टना आणखी चेतवते. हाच फायब्रोसिस. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला सुटत नाही. पण वय किंवा दमा समजून अनेक महिने वाया जातात.

दोष एकट्या कबुतरांचा नाही. भारतातील २७ केंद्रांच्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा फुप्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना श्वासावाटे गेलेल्या घटकांच्या ॲलर्जीतून आजार जडला होता. त्यांतील जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता; कूलरमध्ये बुरशी वाढते.

पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधे फायब्रोसिसचा वेग कमी करतात. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले नेरँडोमिलास्टही तेवढेच करते. झालेला व्रण यांपैकी एकही औषध पुसत नाही.

म्हणून कारण वेळीच तोडणे, हा उपचाराचा पहिला भाग. खिडकीला जाळी हवी, विष्ठा कोरडी न झाडता मास्क लावून ओली करून काढायला हवी, कूलर स्वच्छ हवा. खोकला लांबला तर डॉक्टरांना घराभोवतालच्या पक्ष्यांविषयी आवर्जून सांगावे. चौकातला कबुतरखाना बंद झाला तरी खिडकीतला राहिला, तर फुप्फुसाला फरक पडत नाही.